बाराच्या टोल्यापर्यंत

आमच्या ससेक्सच्या गावात चाकं बनवणाऱ्या जेबेझ पेलिंगचा उजवा अंगठा उलट्या बाजूला वळलेला आहे. तो शाळेने दिला. शाळेने त्याला आणखी काही दिल्याचं कुणाला आठवत नाही.

बाप खडूच्या खाणीत गाडला गेला, तेव्हा पोरासाठी मागे राहिली एक पांढरी गोटी, लाल शीर असलेली. लंडनहून आलेले नवे क्रिटेंडन मास्तर गोट्यांना जुगार म्हणत. वर्गात ती जेबेझच्या खिशातून घरंगळली.

"हात उलटा कर!" मास्तर गरजले.

छडी अंगठ्याच्या सांध्यावरच बसली. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"आता खेळ बघू!" म्हणत मास्तरांनी गोटी त्याच्यापुढे टाकली.

आमच्याकडे गोट्यांचा मोसम गुड फ्रायडेला दुपारी बाराला संपतो. तोवर दुसऱ्याची गोटी उचलणारा चोर. चर्चच्या घड्याळाचा शेवटचा टोला पडला की मुठीतली मूठवाल्याची आणि जमिनीवरची उचलेल त्याची. हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, लंडनच्या मास्तराला नसतं.

त्या शुक्रवारी गुत्त्यासमोरच्या रिंगणात जेबेझ डाव्या हाताने खेळत होता.

"डावऱ्या, नेम धरायला आईला बोलव!" गुत्तेवाला एकहर्स्ट ओरडला. पोराने लागोपाठ दोन गोट्या उडवल्या.

तेवढ्यात चर्चमधून आलेले मास्तर थेट रिंगणात शिरले आणि त्यांनी उजव्या हाताने पांढरी गोटी उचलली. "जप्त!"

"खाली ठेवा मास्तर, बारा वाजायचेत अजून," गुत्तेवाला म्हणाला.

"तू मला घड्याळ शिकवणार?"

एकहर्स्टने ठोसा दिला. मास्तरांचं नाक फुटलं, दात पडले. बाकीच्यांनी लाथांनी तुडवलं, पण मूठ काही सुटेना. आणि पहिला टोला पडला.

बारा झाले की बापाची गोटी मास्तरांची! जेबेझने खिळ्यांचा बूट त्या मुठीवर हाणला. प्रत्येक टोल्याला एकदा. मास्तर किंचाळत होते, एकहर्स्ट मोजत होता. बाराव्या टोल्याला बोटं कडकन मोडली आणि गोटी रक्तात घरंगळली.

आता ती कुणाचीही होती. एवढ्या गर्दीतून कुणी वाकलं नाही. मास्तरांनी हात पुढे केला, पण बोटं मिटेनात. जेबेझने डाव्या हाताने गोटी उचलली, चड्डीला पुसली आणि घरी गेला.

मी शाळेत गेलो तोवर मास्तर डाव्या हाताने छडी मारायला शिकले होते. नेम मात्र जेबेझइतका साधला नव्हता.