रोहिणीजवळचा पुंजका आणि आमचा बगीचा
ताऱ्यांची अंतरे मोजणे ही मानवी बुद्धीची सर्वोच्च झेप आहे, असे आमचे प्राध्यापक टाय सावरून सांगत. संत्रे सोलले की त्या वासाबरोबर मला मात्र ती झेप पांढुर्ण्याच्या आमच्या बगीच्यात दिसते. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, दिवस मावळून तारे दिसू लागताना, मी बाबांना रोहिणीजवळचा ताऱ्यांचा पुंजका दाखवत होते. एमएस्सीसाठी त्यांनी मला नागपूरला पाठवावे म्हणून. "तितं जाऊन आलं का कोनी?" त्यांनी विचारले. "नाही बाबा, इथूनच मोजून राहिले." समोर संत्र्याच्या सरळ ओळी लांब एका जागी मिळाल्यासारख्या दिसत होत्या. सोबत चालणारे हे तारेही तसेच एका बिंदूकडे निघालेले दिसतात, त्यावरून त्यांची दिशा कळते, आणि दिशेला वेगाची जोड दिली की अंतर निघते, असे मी सांगितले. बाबा ओळींकडे पाहत राहिले. "संत्र्याचा व्यापारीबी बांधावरूनच बगीच्यातला माल मोजते," ते म्हणाले, "अन् सालोसाल आपल्याले फसवते. जाय, शिकून घे. मंग त्याच्यासंग तूच बोलजो." पुंजका सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवर आहे, हे पुढे मी स्वतः गणित करून पाहिले. व्यापारी आम्हाला अजून फसवतो.