आठ टक्क्यांत मिरजगाव

माझ्या पायाला घोणस चावली होती, पाय दुधीभोपळ्यासारखा सुजत चालला होता, आणि दलाल भाऊजी विजेची स्कूटर बैलगाडीच्या चालीने हाकत होते. मागे बसून मी त्यांच्या पाठीत बुक्क्या घालत होते. बाजाराचा दिवस, वस्तीवर दुसरी गाडी नव्हती. मिरजगावचा दवाखाना नऊ किलोमीटर आणि स्कूटरमध्ये चार्जिंग आठ टक्के.

दलाल भाऊजी म्हणजे माझे चुलत दीर. उभा जन्म घोडेगावच्या बाजारात बैल विकण्यात गेला. म्हातारपणी मुलाने स्कूटर घेऊन दिली, तर तिलाही त्यांनी जनावरच धरलं. लांबून आली की लगेच चार्जिंगला लावायचे नाहीत. “तापल्या बैलाला कुनी पानी पाजतं का?” म्हणायचे. रोज ऐंशी टक्के झाले की बटण बंद. गच्च पोटाचं जनावर टिकत नाही म्हणे. एकदा मी पंख्याची लांब वायर जोडून दिली. ती हाताला गरम लागली म्हणून त्यांनी उकिरड्यावर फेकली. वायर माझी होती. पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्या दिवशीही स्कूटर कर्जतहून तापून आली होती आणि छपरात गार होत उभी होती. त्यांच्या या शिस्तीपायी मी मरणार होते.

“भाऊजी, पळवा की,” मी म्हटलं.

“पळवली की लवकर संपती, वैनी. सावकाश गेलो तर पोचू. पाय हलवू नका आन् मलाबी मारू नका.”

एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून वळून बघत राहिला. चढ लागला तेव्हा भाऊजी भार कमी करायला खाली उतरले आणि मला वर ठेवून हँडल धरून शेजारून चालू लागले. किती टक्के उरले, हे मी चारदा विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही.

दवाखान्यात सलाईन लागल्यावर त्यांनी माझ्या हातावर उपरणं टाकलं. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली बोटं दाबून भाव सांगतात, चारचौघांना कळत नाही. त्यांनी एकच बोट दाबलं.

“एक टक्का?”

“रस्त्यात सांगितलं असतं, तर तुमी भ्यानंच गेल्या असत्या.”

भाऊजी गेल्या शिमग्यात झोपेतच गेले. साप चावलेली मी जिवंत आहे.