ओळखीचं कोणी नसलेली मीटिंग

भाऊ महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आला, त्याच दिवशी मी वहीत रकाने आखले. गाव, वार, वेळ, बस, आणि शेवटचा रकाना: ओळखीचं कोण भेटेल. डॉक्टरांनी बजावलं होतं की दर आठवड्याला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायचं, एकही चुकवायची नाही. भाऊ तयार होता. पण त्याच्या मुलीचं पिंपळनेरला जवळजवळ जमत आलं होतं.

"अक्का, थोडीफार घेतो म्हटलं तर लोक चालवून घेतात," तो म्हणाला. "मीटिंगला जातो म्हटलं की किती घेत होतो ते कळतं."

म्हणून शेवटचा रकाना महत्त्वाचा. त्याचं जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. तिथल्या पहिल्याच मीटिंगच्या दारात त्याच्या गिऱ्हाइकांपैकी यावलचा एक केळीवाला भेटला आणि खूश होऊन म्हणाला, "अरे शेठ, तुम्हीपण? या या!" भाऊ दवाखाना शोधतोय असं सांगून परत फिरला. भडगाव आमच्या मामांचं गाव, ते मी आधीच खोडलं होतं. मोबाइलवरची मीटिंग करून पाहिली. दहा मिनिटांनी तो कॅमेरा बंद करून गिऱ्हाइकांचे मेसेज वाचत बसलेला सापडला.

राहिलं धुळं. रविवारी अकरा वाजता, एका शाळेच्या वर्गात. एसटीने दोन-अडीच तास. शेवटचा रकाना कोरा.

मी सोबत जायची, कारण तो मधल्याच एखाद्या थांब्यावर उतरेल अशी मला भीती होती. बसमध्ये मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं: आडनाव नाही, गाव नाही, दुकान तर मुळीच नाही.

"बरं, हेडबाई," तो म्हणाला.

पाच रविवार नीट गेले. पाचव्या रविवारी तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"आज मी बोललो," तो म्हणाला.

"काय बोललास?"

"ते वर्गातलं वर्गात राहतं, हेडबाई." खूप दिवसांनी तो माझी चेष्टा करत होता.

सहाव्या रविवारी व्हरांड्यातल्या बाकावर माझ्याशेजारी एक बाई येऊन बसली. तिचा नवरा आत होता, तो पहिल्यांदाच आला होता. तिने डब्यातल्या शेंगा पुढे केल्या. "कथाईन उनात, ताई?"

"जळगावहून. भाऊ आत आहे. तुम्ही?"

ती धुळ्याचीच होती. माहेर मात्र पिंपळनेर. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात दुसरी यादी उघडली: मुलाची चौकशी. बसल्या जागी खरी माहिती देणारं माणूस मिळालं होतं. मी विचारलं, "पिंपळनेरला कोणाकडच्या तुम्ही?" गावातलीच, एवढंच ती म्हणाली. मग मी आमच्या भाचीच्या स्थळाचं घर सांगितलं. मुलगा कसा आहे, स्वभाव कसा, काही खातो-पितो का, सगळं विचारून घेतलं.

ती शेंग सोलता सोलता थांबली. "सोयरीक जमी राहिनी का तुमनी? तो ते मना भाचा शे."

मुलगी बघायला सगळे आले होते, मुलाची आत्या तेवढी आली नव्हती. का आली नव्हती, ते मला आत्ता कळलं. आणि मुलीचा बाप कुठे बसलाय, ते तिला.

तिने डबा बंद केला. "मी कोनलेच सांगाव नही, ताई," एवढं म्हणाली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

परतीच्या बसमध्ये मी भावाला सगळं सांगितलं. न सांगणं मला जमलं नाही. "मला काय काय पाठ करायला लावलं होतंस, अक्का?" एवढंच तो बोलला.

पुढच्या रविवारी तो निघेना. दुकानात माल उतरायचाय म्हणाला.

"ती कोणाला सांगणार नाही रे. तसं म्हणाली ती."

"म्हणाली ना? 'आता घेणार नाही' असं मीही किती वेळा म्हणालोय."

मी एकटीच गेले. त्या बाईला गाठायचं आणि फोनवर भावाशी बोलायला लावायचं, असं ठरवलं होतं. बाक रिकामा होता. एक म्हातारे गृहस्थ वर्गात खुर्च्या मांडत होते. मी तिच्याबद्दल विचारलं.

"ते दोघं यायचे नाहीत आता," ते म्हणाले. "इथे त्यांच्या होणाऱ्या सोयऱ्यांकडचं कोणी येतं म्हणे. माहेरी कळेल याची फार धास्ती घेतली त्यांनी. एकदाच आला होता बिचारा."

आठवडाभर मी फक्त आमचं काय होईल याचाच विचार करत होते.

"त्यांचा नंबर द्याल का?"

"नंबर नाही देत, ताई. त्या भरवशावर तर लोक येतात इथे." त्यांनी खुर्ची भिंतीला लावली. "तुमचे भाऊ कुठे आहेत आज?"

"दुकानात," मी म्हणाले आणि त्यांच्यासमोरच फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा दुकानातल्या नोकराने उचलला. शेठ फोन इथेच ठेवून बाहेर गेलेत, म्हणाला. कुठे, ते त्याला सांगितलं नव्हतं.