धाग्यानं घातलेली अक्षरं

मी कॉलेजात गेले ती मिशनच्या मदतीवर. वडील मिशनच्या बंगल्यात माळी होते. त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. इंटरच्या वर्षी मोठ्या सुट्टीत मला दिघीच्या खाडीवरच्या मिशनच्या केंद्रात मदतीला जायला सांगितलं, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. खरं तर मला आनंदच झाला होता. आपल्याला मिळालं ते दुसऱ्याला द्यावं, असं मी मनापासून मानत होते. अजून मानते का, ते मला नीट सांगता येणार नाही.

केंद्र म्हणजे एक कौलारू घर. पुढे वाचनालय, बाजूला औषधांची खोली, मागे बायकांचा शिवणवर्ग. वस्ती बहुतेक मुसलमानांची, आणि पुरुष बोटींवर खलाशी. औषधाला सगळे येत, वर्तमानपत्र वाचायला बरेच येत, येशूबद्दल ऐकायला कोणी येत नसे. शिवणवर्ग एक म्हाताऱ्या बायबलबाई, म्हणजे बायकांना बायबल सांगणाऱ्या मिशनच्या सेविका, चालवत. मी त्यांच्या हाताखाली.

वर्गात एका खलाशाची बायको यायची, तिशीतली. तिसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ सरकली.

"मला शिवण येतं. मला अक्षरं शिकव."

तिचा नवरा मराठी चार यत्ता शिकलेला. अधूनमधून त्याचं पत्र येई आणि दीर ते ओटीवर बसून वाचून दाखवी.

"चार चार पानं लिवतो," ती म्हणाली, "आणि दीर वाचतो काय? खुशाल हाय, सगल्यांना सलाम. चार पानं भरून नुसतं खुशाल हाय?"

"भाभी, पत्र घेऊन या, मी वाचून दाखवते."

"तुझ्या तोंडनं नको गो. माझ्या डोल्यांनी बघायचंय."

घरी पाटी दिसली तर शेजारणी दहा प्रश्न विचारतील, म्हणून ती चिंधीवर धाग्यानं अक्षर घालायची आणि उठताना धागा ओढून टाकायची. घरी पुन्हा घालायची, पुन्हा ओढायची. 'ळ'वर तिचा राग होता. "ह्याला दोन दोन पोटं कशाला?" म्हणायची. पाच आठवड्यांत जोडाक्षरं सोडून सगळं तिला लागायला लागलं. बायबलबाई मला म्हणाल्या, "आणखी महिनाभर आली, तर ही तुलाच शिकवील."

त्याच सुमाराला मुंबईहून पाद्रीसाहेब केंद्र बघायला आले. निघण्याआधी ओसरीवर प्रार्थना झाली. आमच्यात रीत अशी, की प्रत्येक सेवकानं ज्या जिवासाठी आपण झटतो तो मोठ्यानं देवापुढे ठेवायचा. बायबलबाईंनी तापानं आजारी असलेलं एक मूल ठेवलं. मग माझी पाळी आली. माझ्यापाशी कोणी नव्हतं. पुढच्या वर्षाच्या मदतीची शिफारस पाद्रीसाहेबांच्या हातात होती. ते माझ्या मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "हे प्रभो, मशिदीमागच्या घरातली खलाशाची बायको तुझ्या वचनाच्या शोधात आमच्याकडे येते. तिला तुझा प्रकाश दाखव."

पाद्रीसाहेब "आमेन" म्हणाले, जरा मोठ्यानंच. साहेबांना आगरदांड्याला पोचवणारे दोघे होडीवाले भरतीची वाट बघत पायरीवर बसले होते. डोळे आम्ही मिटले होते, त्यांनी नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धक्क्यावर सगळ्यांना कळलं. संध्याकाळी तिचा दीर आला. रोज वाचनालयात बसणारा माणूस, त्या दिवशी पायरीखालीच उभा राहिला.

"मास्तरीणबाय, माझी भावजय हितं काय शोधत होती?"

"अक्षरं," मी म्हणाले.

"मग देवाला तसं सांगायचं. त्याच्याशी खोटं कशाला बोललात?"

बायबलबाई पुढे झाल्या. "पोर आहे भाई, चुकली. पण तिचं शिकणं बंद करू नका."

"शिवणाला म्हणून मीच धाडली होती तिला. चिंधीवर काय घालते ते मला ठाऊक न्हाय व्हय?" तो खाली बघून बोलत होता. "भाऊ बायकोला काय काय लिवतो. ते मी भावजयीच्या तोंडावर वाचू? शरम वाटते, म्हणून तेवढं गालून वाचतो. म्हटलं, शिकू दे, मी पण सुटेन. आता जमातीनं मला उभं करून विचारलं, घरातली बाई पाद्र्याला दिलीस काय? आता कशी धाडू, सांगा."

ती पुन्हा आली नाही. माफी मागायला तिच्या घरी जाते म्हटलं, तर बायबलबाई म्हणाल्या, "एकदा बोललीस तेवढं पुरे." तिची चिंधी शिवणाच्या डब्यात राहिली, सुई तशीच टोचलेली. शेवटच्या दिवशी धागा ओढायचा राहून गेला होता, पण कुठलं अक्षर होतं ते मी बघितलं नाही.

शिफारस मला मिळाली. काही महिन्यांनी मिशनचा अहवाल छापून आला, त्यात माझी ती प्रार्थना शब्दन् शब्द होती. पाद्रीसाहेबांनी एक प्रत मुद्दाम आमच्या घरी पाठवली. वडील हात धुऊन, पुसून माझ्यासमोर बसले.

"तुझं काय लिहिलंय ते वाच."

मी पान उघडलं. "केंद्राचं काम चांगलं चाललं आहे," मी वाचलं. "सगळे खुशाल आहेत."

वडिलांनी छापलेल्या ओळींवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"एवढं पान भरलंय," ते म्हणाले, "नि एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले.