बाईसाहेबांची ट्रायल

आमच्या मावशीने ट्रायलशिवाय आजवर एकही कपडा कुणाच्या हातात दिलेला नाही. कच्चे टाके घालायचे, माणसाला कपड्यात उभं करायचं, हात वर करायला लावायचे, खाली बसवायचं, मगच पक्की शिलाई. गिऱ्हाईक नवरदेव असला तरी सुटका नाही. "लग्नात दिवसभर उभाच राहणार आहेस का?" असं विचारून मावशी त्याला बसवतेच.

तिच्या दुकानात कापायच्या टेबलाखाली बाईसाहेब राहतात. बाईसाहेब म्हणजे मावशीची ग्रेट डेन कुत्री. टेबलाखाली म्हणायचं आपलं. डोकं टेबलाखाली असतं, धड इस्त्रीपाशी आणि शेपूट दारात. शेपटीवर कुणाचा पाय पडला की बोलणी मी खाते, कारण काजं-बटणं करायला दाराशी मीच बसलेली असते.

गेल्या वर्षी बाईसाहेबांचे डॉक्टर सहज बोलून गेले की एवढी मोठी कुत्री आठ-नऊ वर्षांपलीकडे सहसा जगत नाहीत. बाईसाहेब तेव्हा चार वर्षांच्या होत्या. मावशी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हिचं एक पिल्लू मला हवंच. ही गेल्यावर माझ्याजवळ काहीतरी उरायला नको?"

मग काय, मावशीने कंबर कसली. बाईसाहेबांच्या खुब्याचे एक्स-रे झाले, हृदयाची तपासणी झाली, सगळं ठणठणीत निघालं. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या गृहस्थांकडे त्याच जातीचा कुत्रा होता. त्याचे रिपोर्ट मागितले, त्याच्या आईचे मागितले, बाप कशाने गेला तेही विचारलं. गृहस्थ घाम पुसत मला म्हणाले, "माझ्या स्वतःच्या लग्नात एवढी चौकशी झाली नव्हती हो."

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "एका वेळी दहासुद्धा होतील. एक तुम्ही ठेवाल. बाकीची कुठे देणार?"

मावशी हसली. अर्धी गल्ली पिल्लू मागत होती. मला वाटलं, झालं, काम फत्ते. पण मावशी म्हणाली, "ट्रायलशिवाय?"

ज्याला पिल्लू हवं, त्याने एक दिवस बाईसाहेबांना घरी न्यायचं, असा नियम निघाला. "पिल्लू आज कुणाच्याही मांडीत मावेल. वर्षभरात ते एवढं होणार आहे, ते आधी बघून घ्या."

पहिला चष्मेवाला. बाईसाहेबांना माणूस आवडला की त्या त्याला रेलून उभ्या राहतात. चष्मेवाला त्यांना फार आवडला. तो मागच्या कपाटावर जाऊन आदळला आणि दुपारच्या जेवणाच्या आत त्यांना घेऊन परत आला. बँकेतल्या मॅडमच्या घरी बाईसाहेब सोफ्यावर आडव्या झाल्या आणि घरच्यांनी उभ्याने चहा घेतला. जिमवाला ऐटीत घेऊन गेला, वाटेत मांजर दिसलं आणि मग कोण कुणाला घेऊन गेलं ते सगळ्या रस्त्याने पाहिलं. नव्या जोडप्याने संध्याकाळपर्यंत तग धरला. मग नवरा एकटाच सोडायला आला. बायको त्याच्याशी बोलत नव्हती.

परत येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा, "कुत्री गुणी आहे हो, पण..." मावशी कुणाशीही वाद घालायची नाही. बाही काखेत ओढते म्हणणाऱ्याचं ऐकावं तसं ऐकून घ्यायची आणि बाईसाहेबांचा पट्टा हातात घ्यायची.

पास झाल्या त्या फक्त घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकू. त्या दुसऱ्या दिवशी अंगभर केस घेऊन दारात उभ्या. "आजही नेऊ का हिला?" तेव्हापासून त्या रोजच न्यायला येऊ लागल्या.

"एक घर आपलं, एक त्यांचं," मी म्हटलं. "बाकीचं पुढे बघू. पिल्लं डोळ्यांसमोर आली की लोक विरघळतात. कोण नाही म्हणेल?"

"तेच तर! कुणीच नाही म्हणणार नाही," मावशी माझ्यावर उखडली. "आणि पिल्लू मोठं झालं की दोरीला बांधून ठेवतील, नाहीतर सोडून देतील कुठेतरी."

पुढे बाईसाहेब माजावर आल्या. ड्रायव्हिंगवाल्यांचा फोन आला, केव्हा आणताय? मावशीने "कळवते" म्हणून फोन ठेवला आणि कात्री घेतली. त्या दुपारी तिने एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला हसू फुटलं आणि तिचा चेहरा पाहून विरलं.

तिने स्वतःच फोन लावला. "नाही आणत. आता नाही आणि पुढेही नाही. तुमच्या कुत्र्यात काही खोट नाही, मनाला लावून घेऊ नका."

फोन ठेवून ती टेबलाखाली बाईसाहेबांशेजारी जाऊन बसली. "ही जाईल तेव्हा माझे काय हाल होतील ते मला आत्ताच माहीत आहे," ती म्हणाली. "पण माझं रडणं टळावं म्हणून एवढे जीव जन्माला घालू आणि वाऱ्यावर सोडू? नाही जमायचं."

तेवढ्यात काकू रोजच्यासारख्या बाईसाहेबांना न्यायला आल्या. मावशीने पट्टा दिला नाही.

"आज नको," ती म्हणाली. "आज हिला माझ्याजवळच राहू द्या."