काळ्या स्क्रीनवर आईचं फडकं

मंडळी, आज सकाळपासून डोकं फिरलं होतं. कंप्युटरमध्ये व्हायरस, अन् ताईच्या लग्नाचे सगळे फोटो त्यातच. अँटिव्हायरसचा बूट स्कॅन, म्हणजे कंप्युटर सुरू होतानाच होणारी तपासणी, लावून रिस्टार्ट करायचो, चहा ठेवायला जायचो, परत येऊन पाहतो तर स्कॅन रद्द!

कंप्युटर चिखलीला दुरुस्तीला न्यायचं ठरवलं. त्याआधी एकदा स्कॅन लावून दारात थांबून पाहिलं. स्क्रीन काळी होताच आई फडकं घेऊन आली अन् कीबोर्ड पुसू लागली. स्कॅन थांबवायचं बटण तिच्याच हातून दाबलं जात होतं!

"आई, काय करून राह्यली वं?"

"तूच तं सांगतलं होतं, बंद असला तंच पुसत जाय म्हून!"

सांगितलं होतं खरं.

मग पुन्हा स्कॅन लावला. फडकं मांडीवर ठेवून ती शेजारी बसली. स्कॅन पूर्ण झाला, फोटो शाबूत. ताईचे फोटो दोघांनी पाहिले.

शेवटी हळूच म्हणाली, "आता पुसू का?"