नववा भाग मी बाद केला

सारोळ्याची पेटी मुदतीच्या बारा दिवस आधी परत आली. एरवी ती टेम्पोने यायची आणि टेम्पोवालाच सही करून जायचा. या वेळी टेम्पोतून हसीनाभाभी स्वतः उतरल्या.

"सर, ह्या पेटीत काय भरलंय ते बघितलं का तुमी?" त्यांनी काउंटरवर येऊन विचारलं.

मी यादी काढून वाचली. स्पर्धा परीक्षा बारा, शेती नऊ, चरित्रं अकरा, आरोग्य आठ. एकूण चाळीस.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"बरोबर असंल. पर त्यात आमचं एकबी न्हाई. माझा आठवा भाग कुठं हाय?"

मी भोरच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. गावात वाचक येतात, पण लांबच्या गावांतून कोण येणार, म्हणून आमच्याकडे सात पत्र्याच्या पेट्या होत्या. एका पेटीत चाळीस पुस्तकं. पेटी एका गावात दोन महिने राहायची, मग परत यायची आणि नवी भरून जायची. सारोळ्याची पेटी हसीनाभाभींच्या हॉटेलात असायची. त्यांच्या मालकांचं हायवेच्या कडेला चहाचं हॉटेल होतं. ही गोष्ट रस्ता चौपदरी होत होता तेव्हाची.

भाभी सातवी शिकलेल्या. वाचायच्या दोनच प्रकार. प्रेमाच्या कादंबऱ्या आणि जादूच्या कादंबऱ्या. एक ही, एक ती. दोन्ही एकत्र असलेली मिळाली तर सगळ्यांत उत्तम. त्यांच्याकडे एक वही होती आणि तिच्यात तीन रकाने: झालेली, चालू, पुढची. प्रत्येक पेटीबरोबर त्या वहीचं एक पान फाडून मला पाठवायच्या. झालेल्या पुस्तकांपुढे शेरा असायचा. 'हिरो रडका.' 'दीर चांगला, नवरा कामाचा नाही.' 'राक्षस बोलका आहे, परत पाठवा.' माझ्या नोकरीत एवढा नेमका अहवाल मला दुसऱ्या कोणी दिला नाही. मी ती पानं फाईलला लावत असे. पेटी भरताना मात्र विषयवारी बघूनच भरत असे.

चालू रकान्यात त्या वेळी एकच नाव होतं. 'धुक्यातला गड', सात भाग झालेले. ही नऊ भागांची कादंबरी. एक गड फक्त धुकं पडलं की दिसतो. त्याची राणी आणि तिचा मशालजी एकमेकांवर जीव टाकतात. पण गडावर मशाल पेटवली की मशालजीची एकेक आठवण जळून जाते. एवढं मला भाभींच्या शेऱ्यांवरून माहीत होतं. एका पेटीत एका मालिकेचा एकच भाग घालायचा असा मीच नियम केला होता, म्हणजे बाकीच्या गावांनाही मिळावं. त्यामुळे सात भाग वाचायला भाभींना चौदा महिने लागले होते. पुढची या रकान्यात आठ आणि नऊ.

आठवा भाग शोधायला मला रॅकपर्यंत जायची गरज नव्हती. तो मीच बाद केला होता.

बाद करणं म्हणजे पुस्तक रजिस्टरमधून कमी करून रद्दीला देणं. त्या वर्षी आमचं इन्स्पेक्शन होतं. वाचनालय सरकारी अनुदानाच्या वरच्या वर्गात जायची शक्यता होती. कार्यवाह नाना म्हणाले, "जागा करा. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं दिसली पाहिजेत दारातून."

काय काढायचं हे मी अंदाजाने ठरवलं नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारीखपट्टी चिकटवलेली असते. वाचक पुस्तक नेतो तेव्हा तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का मारतात. चार वर्षांत एकही शिक्का नाही, ते पुस्तक काढायचं. अकरा हजारांवर पुस्तकं मी एकट्याने तपासली. सहाशे अठरा निघाली.

"एवढी?" नाना म्हणाले.

"चार वर्षांत एकदाही गेलेली नाहीत."

"मग ठेवलीत कशाला इतके दिवस? मुरंबा घालायला?"

समितीने ठराव केला. मी गठ्ठे बांधले. माल गेला.

चूक कुठे होती ती भाभी समोर उभ्या असताना माझ्या लक्षात आली. शिक्का काउंटरवर मारतात. पेटीत जाणाऱ्या पुस्तकांवर आम्ही शिक्का मारत नव्हतो. चाळीस पट्ट्यांवर शिक्के मारण्याऐवजी पेटी रजिस्टरमध्ये यादी लावायची, की काम झालं. ती पद्धत मीच बसवली होती. म्हणजे जी पुस्तकं सहा वर्षं सात गावांत फिरत होती, त्यांच्या पट्ट्या कोऱ्या. काउंटरवर एकदाच गेलेलं पुस्तक वाचलं, आणि पेटीतून वीस वेळा गेलेलं बाद झालं.

त्याच दुपारी मी दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवून ताळा घेतला. सहाशे अठरापैकी चारशे दोन पुस्तकं पेटीतली होती. प्रेमाच्या आणि जादूच्या कादंबऱ्या तर जवळजवळ सगळ्याच. बाद करताना ती मी हाताळली होती. कोपरे दुमडलेले, शिवण सुटलेली, पानांवर चहाचे डाग. मी शेरा मारला होता, 'जीर्ण'. न वाचलेलं पुस्तक जीर्ण कशाने होतं, हा प्रश्न मला पडला नव्हता.

भाभींना मी खरं ते सांगितलं.

"म्हंजी टाकून दिलं?"

"रद्दीत गेलं."

"पहिल्यापास्नं?"

"सातवा भाग तेव्हा तुमच्याकडे होता म्हणून राहिला. बाकी आठही गेले."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या बाकावर बसल्या. "सर, आमचं हाटेल रस्त्यात चाललंय. ईद झाली की आमी अक्कलकोटकडं, दिराच्या गावाला. तिथं वाचनालय न्हाई, म्या इचारलंय. हातात पाच आठवडे हायत. तेवढ्यात दोन भाग द्या. मग आविष्यात काय मागणार न्हाई तुमच्याकडं."

"प्रयत्न करतो."

"माझ्या एकटीचं आसतं तर बोलली नसती. नऊ जणी हायत. त्यातल्या दोघींनाच वाचाया येतं. बाकीच्यांना मी चौदा महिने सांगत आलीय. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तवा येत्यात. रोज इचारत्यात, त्याला तिची वळख ऱ्हाती का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी मी रद्दीवाल्याकडे गेलो. तो तराजू पुसत होता.

"सर, तो माल तवाच गिरणीला गेला," तो म्हणाला. "काय राहिलं होतं का त्यात? दागिना-बिगिना?"

"कादंबरीचे दोन भाग हवे होते."

तो हसला. "तुमीच म्हनला होता, कोण वाचत न्हाई म्हणून. आता त्याचं बुटाचं खोकं झालं असंल."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "विजेची बिलं अठरा वर्षांची जपून ठेवलीत. पुस्तकं बरी टाकवली." बिलं खरोखरच अठरा वर्षांची होती.

रविवारी पुण्याला गेलो. सातव्या भागावर प्रकाशकाचा पत्ता होता. तिथे मोबाईलचं दुकान होतं. शेजारचा म्हणाला, ते लोक दुकान बंद करून गेले, कुठे ते ठाऊक नाही. फूटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते बघितले. पहिला भाग दोन ठिकाणी मिळाला. पहिला भाग सगळीकडे मिळतो. लेखकाच्या नावाने प्रकाशकाच्या पत्त्यावर आधीच पाठवलेलं पत्र तीन आठवड्यांनी परत आलं.

दरम्यान आजूबाजूच्या वाचनालयांना मी कार्डं टाकली होती. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं, विंझरहून. नसरापूर फाट्यावर गाडी बदलून मी तिथे गेलो. एका खोलीचं वाचनालय. तिथल्या ग्रंथपालांनी कपाट उघडलं. एक ते आठ भाग ओळीने उभे होते.

"नववा?"

"नववा आलाच नाही आमच्याकडं. लोक अजून विचारतात. तुमच्याकडं होता म्हणे?"

"होता," मी म्हणालो.

आठवा भाग मी सही करून घेतला आणि तसाच सारोळ्याला गेलो. हॉटेलची पुढची शेड काढलेली होती. मागच्या खोलीत भाभी चहा गाळत होत्या आणि चारपाच बायका बसल्या होत्या. मला बघून एक म्हातारी म्हणाली, "ह्येच का पुस्तकं इकनारं?"

"गप गं म्हातारे," दुसरी म्हणाली. "आनलंय बग त्यांनी."

भाभींनी पुस्तक घेतलं, पदराला हात पुसून. "आन् नववा?"

"शोधतोय."

हे मी म्हणायला नको होतं. तोपर्यंत सगळ्या जागा शोधून झाल्या होत्या.

पुढे काय होईल याचा मी विचार केला नव्हता. सातव्या भागाच्या शेवटी राणी आणि मशालजी निदान एका ठिकाणी होते. भाभींना तिथे थांबता आलं असतं. आठव्याच्या शेवटी तो तिचं नाव विसरतो, धुक्यात चालू लागतो, आणि ती त्याच्या मागे जाते. गड नाहीसा होतो. तिथे पुस्तक संपतं. मी ते आणून दिलं नसतं तर बरं झालं असतं.

नानांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, ती बाई हुशार आहे. शेवट काय, रचून सांगेल. बायकांना काय कळतंय?"

मलाही मनातून तसंच वाटत होतं. सुटका दिसत होती त्यात.

ईद झाल्यावर चौथ्या दिवशी भाभी आठवा भाग परत करायला आल्या. बाहेर टेम्पोत सामान होतं आणि त्यांचे मालक ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी नानांची सूचना माझी म्हणून सांगितली.

"रचून सांगू?" त्या म्हणाल्या. "सर, चौदा महिने म्या एक शबूद पदरचा घातला न्हाई. त्यांना ठाव हाय त्ये. म्हनून तर येत व्हत्या. मी सांगितलं त्यांना, शेवट मिळाला न्हाई."

"काय म्हणाल्या?"

"काय म्हननार. उठून गेल्या."

बाहेर हॉर्न वाजला. त्यांनी तिकडे बघितलं आणि मग खालच्या आवाजात विचारलं, "पुस्तक न्हाई तर ऱ्हाऊ द्या. पर तुमच्याकडं व्हतं न्हवं? तुमच्या हातातनं गेलंय. तेवढं सांगा, म्हंजी जाता जाता म्हातारीच्या दारात टेम्पो थांबवती. त्याला ती आठवती का?"

नववा भाग अजून कुठल्याच गावाच्या पेटीत गेला नव्हता. माझ्या हातात तो तीनदा आला होता. दाखल करताना, बाद करताना आणि गठ्ठा बांधताना. त्याचा दाखल क्रमांक मला पाठ होता. बांधणी कापडी. मुखपृष्ठ निळं. मी तो एकदाही उघडून वाचला नव्हता.

"दोनशे सोळा पानं होती," मी म्हणालो.

त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

आम्हाला वरचा वर्ग मिळाला. अहवालात 'न वाचली जाणारी पुस्तके नियमानुसार कमी केली' असं वाक्य आहे, ते माझंच आहे. सारोळ्याची पेटी घ्यायला पुन्हा कोणी तयार झालं नाही. पुढच्या वर्षी बाकीच्या सहा गावांतूनही पेट्या न उघडता परत यायला लागल्या, आणि समितीने प्रतिसाद नाही म्हणून योजना बंद केली. प्रतिसादाचे आकडे मीच काढून दिले. तेही बरोबर होते.

ग्रंथपालनाच्या वर्गात शिकवतात की पुस्तक बाद करण्याआधी त्याची अवस्था, मागणी आणि उपयोग बघावा. बरोबरच शिकवतात. मला एवढीच भर घालायची आहे की हे तिन्ही रजिस्टरमध्ये बघून होत नाही, गावात जाऊन विचारावं लागतं. भोरहून सारोळ्याला जायला एसटीने फार वेळ लागत नाही. पेटी चालू होती त्या सहा वर्षांत, आठवा भाग द्यायला गेलो तो दिवस सोडला, तर मी तिथे एकदाही गेलो नव्हतो.